उतारावरचे घर

गवंडी घराचा पाया एकदाच सपाट करतो. पुढे पन्नास वर्षे त्याकडे कुणी वळून बघत नाही. अमेरिकेत पिकअप गाडीला जोडून नेतात त्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये पलंग, शेगडी, बेसिन, संडास, फ्रिज असा सगळा संसार असतो, पाया मात्र रोज नवा. काल युटाच्या लाल मातीवर, आज यलोस्टोनच्या पाइनच्या झाडीत. मुक्कामाला पोहोचल्यावर चहाचे आधण ठेवण्याआधी करायचे काम म्हणजे हे घर समपातळीत आणणे. दिवसभर गाडी चालवून दमलेल्या माणसाला ते टाळावेसे वाटते, आणि एका रात्रीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे नवखे लोक हमखास विचारतात. त्याचे उत्तर थोडे जमिनीत आहे आणि बरेचसे फ्रिजच्या पाठीमागच्या नळ्यांत.

आधी या घराची ठेवण समजून घ्यायला हवी. ट्रेलरचा बहुतेक भार मध्याच्या किंचित मागे बसवलेल्या एका किंवा दोन आसांवर असतो. पुढे लोखंडी चौकट निमुळती होत जाते आणि तिच्या टोकाचा कपलर पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसतो. एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार या टोकावर पडावा लागतो. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो. टोकापाशीच एक उभा जॅक असतो. तो फिरवला की ट्रेलरचे नाक वर जाते किंवा खाली येते. म्हणजे लांबीच्या दिशेने घर वरखाली करायची सोय कारखान्यातूनच येते. रुंदीच्या दिशेने मात्र बहुतेक ट्रेलरना अशी सोय नसते. डावी बाजू खाली असेल तर डाव्या चाकांखाली काहीतरी घालून अख्खे घर त्या बाजूने उचलावे लागते. कामाचा सगळा क्रम या एका फरकावरून ठरतो.

कॅम्पग्राउंडवाल्यांनी जागा मुळातच सपाट का करून ठेवू नये, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारी स्वस्त झाल्या आणि लोक थेट जंगलात शिरून झाडाखाली गाड्या उभ्या करू लागले. वन विभागात एमिलिओ मायनेके नावाचे वनस्पतिरोगांचे अभ्यासक होते. कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या जंगलांची पाहणी करताना त्यांच्या लक्षात आले, की ही प्रचंड झाडे कुऱ्हाडीविनाच मरणाच्या वाटेला लागत आहेत. गाड्यांनी आणि पावलांनी माती दाबली जात होती. तिच्यातली हवेची आणि पाण्याची वाट बंद होत होती, आणि रेडवूडची मुळे तर जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात. मायनेके यांनी १९३२ मध्ये कॅम्पग्राउंडच्या आखणीचे धोरण लिहिले. वळसा घेणारा एकेरी रस्ता, त्याला फुटलेल्या आखूड तिरप्या फांद्या, प्रत्येक फांदीवर एकच गाडी, आणि ती पुढे घुसू नये म्हणून दगड किंवा ओंडके. टेबल आणि चूलही ठरलेल्या जागी पक्की. १९३३ ते १९४२ या काळात सरकारच्या सिव्हिलियन कन्झर्वेशन कॉर्प्स या योजनेतल्या तरुणांनी देशभर अशी कॅम्पग्राउंड उभी केली. आज अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानात ट्रेलर मागे रेटत जागेवर लावणारा माणूस मायनेके यांच्याच आराखड्यात गाडी लावत असतो, त्यांचे नाव त्याने ऐकलेले नसले तरी.

या आखणीत जमीन मोठ्या प्रमाणावर खणून सपाट करण्याला जागा नव्हती. झाडांच्या मुळांसाठी जमीन जशी आहे तशी राहणे आवश्यक होते. शिवाय पावसाचे पाणी कुठेतरी वाहून जायला हवे. म्हणूनच सिमेंटचा ओटा घातलेल्या आधुनिक जागेलाही मुद्दाम थोडा उतार ठेवतात. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी राखीव जागांबाबत अमेरिकी सरकारचे नियम काटेकोर आहेत. तिथेही पक्क्या पृष्ठभागाला ४८ फुटांत एक फूट उतार चालतो, कारण त्याहून सपाट जागेवर पाणी साचते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कोकणासारख्या धो धो पावसाच्या प्रदेशात असे तळ बांधताना हा उतार विसरून चालणारच नाही. जमीन तिरपी असणे हा तिचा गुण आहे. घर सरळ ठेवण्याची जबाबदारी त्यात राहणाऱ्याची.

आता फ्रिजकडे. अनेक ट्रेलरमधला फ्रिज आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजसारखा नसतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. तो विजेवर चालतो तसाच गॅसच्या छोट्या ज्योतीवरही चालतो, आणि आगीने बर्फ होतो हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटे वाटते. ही करामत स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये साधली. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्स कंपनीने तिचे हक्क घेतले.

त्या फ्रिजच्या पाठीमागे वेड्यावाकड्या नळ्यांचे एक बंद जाळे असते आणि त्यात तीन गोष्टी कायमच्या कोंडलेल्या असतात: पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन. तळाशी ज्योत असते. तिच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया उकळून बाहेर पडतो, आणि त्याचे बुडबुडे अरुंद नळीतून पाणीही आपल्याबरोबर वर ढकलत नेतात. पंपाचे काम बुडबुडेच करतात. अमोनियाची वाफ सर्वांत वर जाऊन थंड होते आणि द्रवरूपात खाली उतरत फ्रिजच्या आतल्या नळीत येते. तिथे हायड्रोजन भरलेला असल्यामुळे अमोनियाच्या वाट्याचा दाब फार कमी असतो, म्हणून तो कडाक्याच्या थंडीतही उडून जातो आणि उडताना फ्रिजमधली उष्णता शोषून घेतो. पुढे वरून ओघळणारे पाणी त्याला पुन्हा आपल्यात विरघळवून घेते, हायड्रोजन मोकळा होऊन माघारी वर जातो, आणि अमोनियाचे पाणी परत ज्योतीपाशी येते. हे चक्र वर्षानुवर्षे आवाज न करता चालू राहते.

यात वर चढवण्याचे काम उष्णता करते. खाली आणण्याचे सगळे काम गुरुत्वाकर्षणाचे. नळ्या जवळजवळ आडव्या असतात, त्यांना जेमतेम उतार दिलेला असतो. ट्रेलर कलला की तो उतार नाहीसा होतो किंवा उलटा होतो. पाणी मधल्याच एखाद्या वळणात साचून राहते आणि ज्योतीपाशी परत येत नाही. ज्योत मात्र जळतच असते. कोरडी पडत चाललेली नळी भलतीच तापते, आणि गंज रोखण्यासाठी मिश्रणात घातलेले सोडियम क्रोमेट त्या उष्णतेने बिघडून नळीत घट्ट बसते. एकदा ही अरुंद नळी तुंबली की ती साफ करायचा मार्ग नाही; मागचे सगळे जाळेच बदलावे लागते.

सगळ्यात वाईट म्हणजे हे नुकसान दिसत नाही आणि भरूनही येत नाही. एका रात्रीच्या तिरपेपणाने फ्रिज सहसा बंद पडत नाही. थोडा थर आज बसतो, थोडा पुढच्या मुक्कामी, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी दूध नासते. तेव्हा मालक त्या दिवसाच्या हवेला दोष देतो. गाडी चालू असताना मात्र हा धोका फारसा नसतो. चढ, उतार, वळणे यांनी ट्रेलर सतत इकडून तिकडे हलत राहतो, त्यामुळे पाणी एका जागी थांबत नाही. उभे राहिल्यावरच खरी परीक्षा असते.

किती तिरके चालते? अशा फ्रिजच्या अनेक माहितीपुस्तिकांत फ्रिजच्या तोंडासमोर उभे राहून मोजायचे दोन आकडे दिलेले असतात: डावीउजवीकडे ३ अंश, पुढेमागे ६ अंश. इथे एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. फ्रिज बहुधा ट्रेलरच्या लांब भिंतीला पाठ लावून बसवलेला असतो. त्यामुळे फ्रिजची डावीउजवी बाजू ही ट्रेलरची पुढची-मागची बाजू ठरते. म्हणजे जॅकने सहज जुळवता येणारी लांबीची दिशाच फ्रिजच्या दृष्टीने अधिक नाजूक असते. आपला फ्रिज कुठल्या भिंतीला आहे, हे प्रत्येक मालकाने एकदा नीट पाहून ठेवावे.

अमोनियाचा फ्रिज आला तो १९२० च्या दशकाचा काळच विलक्षण होता. बर्लिनमध्ये फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने एक कुटुंब दगावल्याचे वाचून आल्बर्ट आइन्स्टाइन हळहळले आणि लिओ झिलार्ड या तरुण सहकाऱ्याबरोबर हलते भाग नसलेला फ्रिज शोधू लागले. १९३० मध्ये त्यांना अमेरिकेचे पेटंटही मिळाले. त्यांचा फ्रिज बाजारात आला नाही. स्वीडनच्या विद्यार्थ्यांचा आला आणि टिकला.

फ्रिज बाजूला ठेवला तरी कारणे संपत नाहीत. भिंतीतून बाहेर सरकणारी खोली अनेक ट्रेलरमध्ये असते; घर पिळलेले असेल तर ती रुळात अडकते. न्हाणीचे पाणी मोरीऐवजी दाराकडे येते. दार आपोआप उघडते किंवा मिटते. सांडपाण्याच्या टाक्या किती भरल्या हे दाखवणारे दिवे चुकीचे सांगतात, कारण टाकीतले पाणी एका कडेला गेलेले असते. कढईतले तेल एका बाजूला जाते आणि धिरडी एकीकडे जाड, एकीकडे पातळ होतात. आणि झोप. पायांपेक्षा डोके खाली असेल तर रात्रभर तळमळ ठरलेली. ट्रेलरचे नाक थोडे वर असले तर चालेल, पण उशीची बाजू खाली नको, असे अनुभवी लोक सांगतात ते त्यामुळेच.

मोजायचे साधन फार जुने आहे. मेलशिसेदेक थेवनो या फ्रेंच विद्वानाने १६६१ च्या सुमारास बुडबुड्याची पाणसळ तयार केली. काचेची नळी वरून अगदी किंचित फुगीर असते, आत न गोठणारा द्रव असतो आणि बुडबुडा नेहमी सर्वांत उंच बिंदूपाशी थांबतो. ट्रेलरवाले अशा दोन छोट्या पाणसळी बाहेरून चिकटवतात, एक समोरच्या भिंतीवर आणि एक बाजूला. त्या चिकटवण्यापूर्वी घर खरोखर समपातळीत आणून घ्यावे लागते, आणि त्यासाठी मोठी पाणसळ फ्रिजजवळच्या जमिनीवर किंवा खुद्द फ्रिजमध्ये ठेवणे चांगले. हल्ली छोटे संवेदक मिळतात. ते ट्रेलरमध्ये पक्के बसवून एकदा समपातळीशी जुळवून घेतले, की मोबाइलवर थेट आकडा येतो: उजवे चाक अडीच इंच वर घ्या. गाडीत एकटाच असलेल्या चालकाला हा मोठा आधार आहे, कारण त्याला दर खेपेला उतरून बुडबुडा बघायला जावे लागत नाही.

साधन कोणतेही असो, थोडा हिशेब डोक्यात असलेला बरा. डाव्या आणि उजव्या चाकांत सुमारे सहा फूट अंतर धरले तर एक अंश म्हणजे सव्वा इंच. तीन अंश म्हणजे पावणेचार इंच. अमेरिकेत दोन इंची म्हणून विकली जाणारी फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड असते, आणि ४८ फुटांत एक फूट या उतारावर सहा फुटांत नेमका दीड इंचाचाच फरक पडतो. म्हणजे नीट बांधलेल्या ओट्यावर एका फळीत काम होते. लांबीचा हिशेब वेगळा. आसापासून जॅकपर्यंत सोळा फूट असतील तर एका अंशासाठी नाक सव्वातीन इंचांहून थोडे अधिक हलवावे लागते. म्हणून जॅकखाली आधीच लाकडी ठोकळा ठेवतात. तो नसेल तर उतरत्या जागेवर जॅकची दांडी संपते आणि नाक मात्र अजून खालीच असते.

आता क्रम. पहिल्यांदा रुंदी, नंतर लांबी, शेवटी कोपरे. ट्रेलर पिकअपला जोडलेला असतानाच खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या किंवा एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे मांडायचे आणि गाडी सावकाश पुढे किंवा मागे घेऊन चाके त्यांवर चढवायची. कमानदार उतरणही मिळते. तिच्यावर चाक जितके पुढे जाईल तितकी उंची वाढते, हवी तिथे थांबून मागून पाचर सारायची. टायर पूर्ण रुंदीने आधारावर टेकला पाहिजे. अर्धा टायर फळीबाहेर लोंबकळत राहिला तर आतले थर फाटतात आणि तो पुढे हमरस्त्यावर फुटतो. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये त्या बाजूची दोन्ही चाके उचलावीत. एकच उचलले तर बराचसा भार त्या एका टायरवर आणि त्याच्या स्प्रिंगवर येतो.

मदतनीस असेल तर त्याने चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभे राहावे. फळी सरळ करायला चाकाजवळ हात घालायचा तर गाडी पूर्ण थांबल्यावरच.

समोरच्या भिंतीवरचा, डावेउजवे दाखवणारा बुडबुडा मध्यावर आला की चाकांना पाचरी लावायच्या. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकांना आपल्याकडे दगड लावतात, तेच हे काम. इथे घाई केल्याने माणसे जखमी झाली आहेत. कपलर गोळ्यावर आहे तोवर ट्रेलरला पिकअपचा ब्रेक असतो. कपलर उचलला की त्या क्षणी तो उतारावरच्या मोकळ्या गाड्यासारखा होतो. उंचावलेल्या बाजूचे ठोकळे त्याला थोपवतील यावर विसंबू नये. दुसऱ्या बाजूच्या, जमिनीवर टेकलेल्या चाकांना पुढून आणि मागून पाचर हवीच. मगच जॅक खाली सोडून पिकअप सोडवायची आणि जॅकनेच बाजूच्या भिंतीवरचा, पुढेमागे दाखवणारा बुडबुडा जुळवायचा.

उरतात चार कोपऱ्यांचे पाय, म्हणजे स्टॅबिलायझर. नावात स्थैर्य आहे आणि तेवढेच त्यांचे काम आहे. घर टायर आणि स्प्रिंगवर उभे असल्यामुळे आत चालताना डुलते. हे पाय ते डुलणे कमी करतात. कोपरा जरा खाली दिसला म्हणून त्यांनीच तो उचलायचा मोह होतो. तिथे थांबलेच पाहिजे. ते पाय टनावारी भार पेलण्यासाठी केलेले नसतात, आणि कोपऱ्यातून उचललेली चौकट पिळली जाते. खिडकीच्या कडेला फट पडते, दार घासू लागते, सरकती खोली अडते. पाय जमिनीला घट्ट टेकले की हात थांबवावा. पावसानंतर पुन्हा एकदा पाहावे, कारण ओल्या मातीत ते खचतात.

काही ठिकाणी ओटा नसतो, रस्त्याची फांदीही नसते. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाभोवतीच्या सरकारी वाळवंटात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात महिनोन्‌महिने मुक्काम करता येतो. तिथे जागा निवडणे हेच अर्धे काम असते. जाणकार आधी पायी फिरतात, कोरड्या ओढ्याची खोलगट वाट टाळतात आणि मगच गाडी आत घेतात. वॉली बायम हे एअरस्ट्रीम ट्रेलरचे जनक. त्यांनी १९५९ मध्ये ४१ ट्रेलरांचा तांडा केपटाउनहून आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेला. १९६० मध्ये कैरोजवळच्या पिरॅमिडांसमोर हे चंदेरी ट्रेलर वर्तुळात उभे राहिले, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. अशा प्रवासात तयार ओट्याची आशा धरता येत नाही. जमीन वाचता येणे हीच खरी पुंजी.

नव्या ट्रेलरमध्ये यातले बरेच काम यंत्रे करू लागली आहेत. इंडियानातले एल्कहार्ट हे या उद्योगाचे माहेरघर. तिथल्या लिपर्ट कंपनीची, बटण दाबले की चारही कोपरे मोजून ट्रेलर स्वतःच सरळ होण्याची यंत्रणा महागड्या ट्रेलरमध्ये दिसते. तिचे पाय उचलण्यासाठीच घडवलेले असतात, साध्या स्टॅबिलायझरशी त्यांची गल्लत करू नये. दुसरा बदल फ्रिजचा आहे. सौर पॅनेल आणि लिथियम बॅटऱ्या परवडू लागल्याने बारा व्होल्टचे कॉम्प्रेसर फ्रिज झपाट्याने रूढ झाले. त्यांना थोडा तिरपेपणा सोसतो. तेवढी एक चिंता हलकी झाली, पण न्हाणीच्या पाण्याला, सरकत्या खोलीला आणि झोपलेल्या माणसाला समपातळी अजूनही लागतेच. गॅसवरचे फ्रिज असलेले असंख्य जुने ट्रेलर तर रस्त्यावर आहेतच, आणि सेकंडहँड घेणाऱ्याच्या नशिबी बहुधा तेच येतात. असा ट्रेलर विकत घेताना फ्रिज आदल्या रात्रीपासून गॅसवर चालू ठेवायला सांगावे आणि सकाळी आत थर्मामीटर ठेवून बघावे. आधीच्या मालकाने फळ्या वापरल्या होत्या की नाही, याचा अंदाज त्यावरून येतो.

निघताना सगळे उलट्या क्रमाने. आधी चारही कोपऱ्यांचे पाय वर. ते खाली राहिलेले विसरून गाडी ओढली तर वाकतात. मग जॅकने नाक उचलून कपलर गोळ्यावर बसवायचा, त्याची खिट्टी आणि साखळ्या तपासायच्या, विजेची तार आणि पाण्याच्या नळ्या सोडवायच्या. पाचरी सर्वांत शेवटी काढायच्या आणि ट्रेलर ठोकळ्यांवरून हळूच खाली उतरवायचा. ठोकळे उचलून धुऊन ठेवले की पुढचा थांबा सांडपाणी रिकामे करायच्या जागेचा. तिथे टाकीच्या तोंडाकडे ट्रेलर किंचित कललेला असावा, म्हणजे तळाशी बसलेला गाळही पाण्याबरोबर निघून जातो.